सुभेदारांच्या वाटणीची झोप

१

दुपारची भांडी घासून झाली, की मी नवऱ्याच्या वाटणीची झोप काढायला जात असे.

ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या उन्हाळ्यात ती माझी नोकरीच झाली होती. पडदे ओढायचे, कूलरमध्ये पाणी आहे का बघायचं, मशीनच्या डबीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं. मग भिंतीकडच्या बाजूला, सुभेदारांच्या उशीवर डोकं ठेवायचं, मास्क नाकावर चढवायचा आणि मागचे पट्टे आवळायचे. बटण दाबावं लागत नाही. मास्कमध्ये एक श्वास सोडला की मशीनला कळतं, कुणीतरी आलं, आणि ते आपणहून हवा फुंकायला लागतं.

सुभेदार म्हणजे माझे यजमान, सुधाकर. खरं तर अजून नायब सुभेदारच. पण साधे शिपाई होते तेव्हापासून मी त्यांना सुभेदार म्हणून चिडवत आले आणि तेच नाव पडलं. जयपूरच्या छावणीत आमचं क्वार्टर आहे, मूळ गाव कराडजवळ. त्यांना झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे. जोरात घोरत असतात, मधेच सगळं गप्प होतं. काही केल्या श्वास येत नाही. आणि मग विहिरीच्या तळातून वर आल्यासारखी एक मोठी घुसमट येते आणि पुन्हा घोरणं सुरू. त्या गप्प होण्याची धास्ती घेऊन मी संसाराची निम्मी वर्षं जागी काढली आहेत, ढोसायला हात तयार ठेवून.

डॉक्टरांनी हे मशीन दिलं. नीट वापरलं आणि मेडिकल बोर्डात पास झाले तर बढती, नाही तर पेन्शन घेऊन कराडची वाट. मशीनमध्ये सिमकार्ड असतं, रोजची नोंद डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जाते. सुभेदारांनी चार-दोन दिवस मास्क घातला आणि भिरकावला. म्हणाले, मी काय बैल हाय व्हय, मुसकं बांधायला? तेवढ्यात युनिट बिकानेरकडच्या वाळूत सरावाला निघालं. तिथे तंबूत वीज नाही, आणि असती तरी पोरांच्या देखत त्यांनी ते मुसकं घातलं नसतं. बोर्ड परत आल्यावर लगेच होता.

बिस्तरा बांधता बांधता ते म्हणाले, "आगं, तू घाल की. त्याला काय कळतंय नाक कुणाचं? तास भरले म्हंजे झालं."

त्यांची नेहमी नाइट ड्यूटी असायची, त्यामुळे दुपारची झोप डॉक्टरांना खटकणार नव्हती. आमच्या लाइनीत, म्हणजे फौजी क्वार्टरांच्या रांगेत, हे काही नवीन नाही. नवऱ्याचं पावलं मोजायचं घड्याळ मनगटावर बांधून बायका मैदानाला फेऱ्या मारतात. मी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं.

२

उठून मास्क काढला की मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडे येतात. किती वेळ वापरलं, हवा कुठून गळली का, आणि दर तासाला श्वास किती वेळा अडला.

मी लाइनीतल्या मुलांना गणित शिकवते. आकड्यांशी माझं बरं जमतं. माझा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा होता, कारण मी दगडासारखी झोपते आणि आयुष्यात कधी घोरले नाही. घोरले असते तर सुभेदारांनी गावभर केलं असतं. पण पहिल्याच दुपारी जो आकडा आला, तो सुभेदारांचा होता. त्यांनी मास्क घातला होता त्या दिवसांत यायचा, तोच. दुसऱ्या दुपारीही तोच.

मी पटकन घाबरणारी बाई नाही. उत्तर चुकलं तर आधी उदाहरण नीट उतरवून घेतलं का ते बघा, असं मी मुलांना बजावते. मास्क त्यांच्या मापाचा होता, माझ्या तोंडाला मोठा. पट्टे आवळले. कूस बदलून पाहिली. गळतीचा आकडा अगदी स्वच्छ आला, म्हणजे मास्क नीट बसला होता. श्वास अडल्याचा आकडा मात्र हलला नाही.

संध्याकाळी सुभेदारांचा फोन यायचा. नेटवर्कसाठी ते वाळूच्या टेकाडावर चढून बोलायचे. मी आकड्याचं सांगितलं तर हसायलाच लागले. बरंच झालं म्हणे, शून्य आला असता तर डॉक्टरला वास लागला असता. ते खरंच होतं, आणि म्हणूनच माझा संताप झाला.

३

त्याच फोनवर ते म्हणाले, की त्यांना अशी झोप कधी लागली नव्हती.

रात्रभर सराव असायचा, दुपारी तंबूत झोप. त्यांच्या तंबूत सर्जेराव होता, त्यांच्याच प्लाटूनचा हवालदार, कागलचा. त्याने मधेच फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, की साहेबांचं घोरणं बंद झालंय, पहिल्यांदाच तंबूत शांतता आहे. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पदराने डोळे पुसावे लागले. वाळूची हवा मानवली असेल, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवून टाकलं.

माझं मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं. उठल्यावर डोकं जड, जीभ कोरडी. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मला पेंग यायची आणि मुलं खुसखुसायची. माझी मुलगी कौमुदी इथेच कॉलेजला आहे, तिचं मराठी निम्मं हिंदी. ती म्हणाली, मम्मी, तू इतकी सोतेस तरी थकलेलीच असतेस. झोपून उठल्यावर जास्त दमायला होतं, ही सुभेदारांची तक्रार होती. वर्षानुवर्षं मी तिला आळस म्हणत आले होते.

घरात बसवेना. दुपारभर झोपायचं आणि संध्याकाळभर या खोलीतून त्या खोलीत फिरायचं, असं सुरू झालं. बेडरूममध्ये गेले की मशीनकडे न बघता कपाट उघडायचे आणि कशाला उघडलं ते विसरून जायचे.

४

मशीनचा फिल्टर बदलायला कीर्ती आली. मशीन पुरवणाऱ्या कंपनीचं जयपुरातच, झालान्याला ऑफिस आहे, तिथे ती काम करते. मुलगी नागपूरची. आमच्याकडे मराठी बोलायला आणि पोहे खायला मिळतात म्हणून कामापेक्षा जास्त वेळ थांबते.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा. ती म्हणाली, पूर्ण नाहीच. दवाखान्यात वायरी लावून जी तपासणी करतात ती वेगळी. हे बिचारं नळीतल्या हवेवरून अंदाज बांधतं. माणूस झोपलाय की जागा आहे, हेसुद्धा त्याला कळत नाही. कुणी खोकला, कुणी कुशीवर वळला, तरी गोंधळतं.

"आणि समजा," मी म्हटलं, "चांगल्या माणसानं घातला तर?"

"तसं करू नका हो काकू. हवेचा दाब काकांच्या हिशेबाने लावलाय. चांगल्या माणसाचाही श्वास मधेमधे थांबू शकतो त्याने."

माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. उदाहरण सुटलं होतं. जास्त दाब, म्हणून माझा श्वास अडतो, म्हणून तो आकडा. मी तिला आग्रहाने आणखी पोहे वाढले.

खाता खाता तिने लॅपटॉप उघडला. आकडा चुकतो, पण लाट सहसा चुकत नाही, असं म्हणत तिने मला पडद्यावर श्वासाची लाट दाखवली. श्वास घेतला की रेघ वर, सोडला की खाली. लाट काल दुपारची होती. काल दुपारी त्या मास्कमध्ये माझं नाक होतं.

"काका किती रेग्युलर वापरतायत बघा," ती कौतुकाने म्हणाली. "आणि ही बघा गंमत. श्वास वर जाताना मधे एक पायरी दिसते ना? काकांचं नाक कधी मोडलं होतं का? पहिल्या दिवसापासून आहे ती. मी तर काकांची लाट नाव न बघता ओळखते."

सुभेदारांचं नाक रेजिमेंटच्या बॉक्सिंगमध्ये मोडलं होतं, लग्नाच्या आधी. श्वास घेताना ते मधे किंचित अडखळतात आणि मग उरलेला ओढतात. माझं नाक सरळ आहे.

चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून उभी राहिले.

५

दुसऱ्या दिवशी लाइनीतल्या बायका जवळच्या बगरू गावाला ठशांच्या छपाईच्या चादरी घ्यायला निघाल्या आणि मी न विचारताच गाडीत जाऊन बसले. मशीनपासून लांब जायचं होतं, बस. सगळी दुपार मी तिथल्या कापडाच्या छापखान्यांतून हिंडले. ओल्या कापडांचा वास घेतला, काळ्या-लाल ठशाची एक चादर घेतली, उगाच घासाघीस केली. महिनाभरात पहिल्यांदा डोकं हलकं होतं. परतताना मी गाणी म्हटली म्हणे.

संध्याकाळी फोन आला तो सुभेदारांचा नव्हता, सर्जेरावचा होता.

"वैनी, घाबरू नगा, आता साहेब ठीक हायत," त्याने आधी सांगून टाकलं. जेवून झोपले होते, त्या दुपारी घोरणं परत आलं होतं. सर्जेरावला जाग आली ती घोरणं एकदम थांबल्याने. बघतो तर साहेबांचे ओठ निळे. हलवलं, गालावर मारलं, पाणी ओतलं, तेव्हा कुठे घुसमटून श्वास आला. युनिटच्या डॉक्टरने तपासलं आणि उन्हाचा त्रास म्हणून सोडून दिलं. मग सुभेदार स्वतः फोनवर आले आणि काही झालं नाही म्हणाले. आवाज चिरकलेला होता. मी त्यांना परत यायला सांगितलं. सराव संपत आलाय, आता पळून आलो तर बोर्डाची गरजच उरणार नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एका उदाहरणावरून नियम होत नाही, हे मला ठाऊक आहे. पडताळा घ्यायचा तर आणखी एक दुपार मास्क न घालता काढायला हवी होती. मी रात्रभर स्वतःला समजावलं, की विनया, तू शिकलेली बाई आहेस, हा योगायोग आहे. आणि दुपारी जेवण अर्धवट टाकून मास्क चढवायला धावले.

६

त्या दुपारी मी झोपले नाही. कूलर बंद केला, म्हणजे ऐकू येईल. उकाड्याने उशी भिजली.

मशीनचा आवाज अगदी बारीक असतो. त्याच्या वर माझा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. मी श्वास रोखला. छातीवर हात ठेवून खात्री केली, छाती हलत नव्हती.

नळीत श्वास चालूच होता. आत जाताना किंचित अडखळून, मग उरलेला. मग बाहेर. सावकाश, गाढ झोपलेल्या माणसाचा.

माझा दम संपला. मी श्वास घ्यायला गेले आणि हवा आली नाही. नाकावर मास्क होता, मशीन चालू होतं, आणि तरी ओढायला काहीच नव्हतं, कारण त्या क्षणी दुसरं कुणी ओढत होतं. मला थांबावं लागलं. त्यांचा घेऊन झाला तेव्हा मला मिळाला. किती दिवस आम्ही असे आळीपाळीने श्वास घेत होतो, कोण जाणे.

मी मास्क उपटून काढला. हे मशीन फक्त फुंकतं, ओढत नाही. त्याच्यात ओढायची सोयच नाही. तेवढं एक तपासायचं ठरवून मी मास्कवर तळहात धरला. आधी गार हवा लागली. मग हवा थांबली आणि माझ्या तळहाताची कातडी हळूच आत ओढली गेली. थोडीशी, मग मधे अडखळून आणखी थोडी.

मला भीती वाटली. आणि भीतीच्या बरोबरीने, लाज वाटावी इतकी माया वाटली. मी घाईघाईने मास्क पुन्हा नाकावर लावला. इतका वेळ त्यांना ताटकळत ठेवलं होतं.

७

त्यानंतर मी एकही दुपार चुकवली नाही. फोनवर सुभेदार खुशीत असायचे. परत येण्याची तारीख ठरली. आले की मी ते मुसकं स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडावर बांधणार होते आणि रात्रभर उशाशी बसणार होते. तेवढे दिवस कसेबसे ढकलायचे होते. आरशात बघणं मी सोडलं होतं. जिना चढताना मधे बसावं लागायचं.

एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं आणि कौमुदी घरी आली. मला जाग आली ती तिच्या रडण्याने. मास्क तिच्या हातात होता, तुटलेला पट्टा लोंबत होता.

"मम्मी, तू श्वासच घेत नव्हतीस. मतलब, बिलकुल नाही. किती हलवलं मी तुला."

मी हात पुढे केला आणि मास्क मागितला. पप्पांसाठी आहे, एवढंच मी म्हणू शकले. बाकीचं कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"पप्पांच्या प्रमोशनसाठी तू मरणार का?" ती म्हणाली. तिने प्लग काढला, मशीन बॅगेत भरलं, तिच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी ओरडले, रडले, किल्लीसाठी तिच्याशी झोंबले. माझ्या अंगात ताकदच नव्हती. तिने मला पलंगावर बसवलं आणि साखर-मीठ घातलेलं पाणी पाजलं, लहान मुलाला पाजावं तसं. तिचं काही चुकलं, असं मला म्हणता येत नाही. माझ्या आईला तशी पाहिली असती तर मीही तेच केलं असतं.

मी सुभेदारांना फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. सर्जेरावला लावला. तेच. पुन्हा लावला. ते टेकाडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही, आणि झोपलेला माणूस टेकाडावर चढत नाही. मी पुन्हा लावला.

८

उन्हं उतरली. शिकवणीची मुलं आली, त्यांना परत पाठवलं. कौमुदी खिचडी टाकत होती. कपाटाची किल्ली तिने ओट्यावर, डब्यांच्या मागे ठेवलेली मला दिसत होती.

बाहेर गाडी थांबली. लाइनीत बदलीची, रजेची बातमी फोनवर येते. छावणीतले मोठे साहेब आणि त्यांच्या मिसेस एकाच गाडीतून उतरून कुणाच्या दारी चालत आले, तर ती एकच बातमी असते. अशा वेळी आजूबाजूच्या बायका नळ बंद करून दारात उभ्या राहतात. मला नळ बंद होताना ऐकू आले.

कौमुदी लाइनीतच वाढलेली. तिने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. बेल वाजली. ती दाराकडे गेली, मी किल्लीकडे.

मशीन काढलं, प्लग लावला. डबीत पाणी भरायला वेळ नव्हता. पट्टा तुटलेला, म्हणून मास्क दोन्ही हातांनी नाकावर दाबून धरला आणि भिंतीकडच्या बाजूला आडवी झाले. एक श्वास सोडला. मशीन सुरू झालं.

नुसती हवा. दुसरं काही नाही. बाहेर साहेबांचा खालचा आवाज आला, दोपहर में, नींद में ही, किसी को पता नहीं चला. मिसेस काहीतरी बोलल्या. कौमुदीचा आवाजच आला नाही. मी माझा श्वास आवरून, अगदी थोडा थोडा घेत वाट पाहत होते.

मग विहिरीच्या तळातून आल्यासारखी ती घुसमट आली, आणि श्वास सुरू झाला. आत जाताना अडखळून, मग उरलेला. मग बाहेर.

कौमुदी दारात येऊन उभी होती. माझ्या तोंडावर मास्क बघून ती धावली आणि तिने माझी मनगटं धरली. मी डोळ्यांनीच तिला नको म्हटलं. ती ओढत होती. मी माझा श्वास पूर्ण थांबवला, म्हणजे तिला दुसरा ऐकू येईल.

तिचे हात ढिले पडले. लहानपणी एका खोलीच्या क्वार्टरमध्ये ती त्याच श्वासाशेजारी झोपत असे.

"पप्पा?" ती नळीकडे बघून म्हणाली.

बाहेर मिसेस मला हाक मारत होत्या. बोलावणं पुन्हा पुन्हा येत होतं. नळीतला श्वास मंद होत चालला, दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं. माझी छाती हवेसाठी कळवळत होती. कौमुदीने माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि मास्क आणखी घट्ट दाबून धरला.

मी माझा श्वास घेतला नाही. त्यांना घेऊ दिला.